खोडलेलं वाक्य

सरांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी टिकल्यांचं पाकीट असायचं. हो, बायकांच्याच टिकल्या, कपाळाला लावायच्या. मरून रंगाच्या, ना मोठ्या ना बारीक. कोणाचाही लॅपटॉप समोर आला की आधी ते पाकीट निघायचं, एक टिकली नखानं सुटी व्हायची आणि पडद्याच्या वर जो बारीकसा कॅमेरा असतो त्याच्यावर बरोब्बर बसायची. वरून दोनदा अंगठा दाबून सर म्हणायचे, "झोपलं लेकरू. आता सांग, काय बिघडलं?" सगळं मेहकर त्यांना टिकलीवाले सर म्हणायचं. खरं आडनाव विचारलं असतं तर निम्म्या गावाला सांगता आलं नसतं, आणि मीही ते इथं लिहीत नाही. त्या नावाला माझ्यापायी लागायचा तेवढा डाग लागून झाला आहे.

टिकल्या मुळात काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या. काकू आरशापुढे उभ्या राहून ओरडायच्या, "माह्यं पाकीट कोणं नेलं?" आणि सर क्लासमध्ये गालातल्या गालात हसायचे. काकू गेल्या. पाकीट मात्र खिशातच राहिलं. संपलं की सर स्टँडमागच्या कटलरीच्या दुकानात जाऊन तेच पाकीट, तोच रंग, तोच आकार मागायचे. एकटा म्हातारा माणूस टिकल्या घेतो म्हटल्यावर दुकानवाली गप्प बसते का? तिनं विचारलंच, "कोणासाठी हो सर?" सर म्हणाले, "कॉम्प्युटरसाठी." तिनं कपाळावर हात मारला आणि पाकीट दिलं. मी तिथंच उभी होते, मलाही हसू आलं होतं. आता त्या दुकानासमोरून जाताना मी मान खाली घालून जाते.

सर मूळचे सोनाळ्याचे, पार वर सातपुड्याच्या पायथ्याचे. मेहकरात तीस-पस्तीस वर्षं काढली, पण बोली बदलली नाही की बदलायची इच्छाही झाली नाही. आधी टायपिंगचा क्लास होता, खटखट खटखट नुसती. मग टाइपरायटर गेले, चार संगणक आले. मी बारावीनंतर तिथं शिकायला गेले तेव्हा वाटलं होतं, पहिल्या दिवशी बटणं दाखवतील. कसलं काय! सरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "हे मशीन कोणाचं?"

म्हटलं, "तुमचं, सर."

"चूक. जो खुर्चीवर बसला, तेवढा वेळ त्याचं. मशीननं त्याचंच आयकाले पाह्यजे. ज्या दिवशी मशीन मागून कोण्या दुसऱ्याचंबी आयकाले लागलं, त्या दिवशी समज पोरी, तू मालक नाई, पाव्हणी हायेस."

मला वाटलं, म्हातारा येडा आहे. फी परत मागावी का, असाही विचार करून झाला.

लोकांच्या हातात मोबाइल आले तेव्हा तर सरांचा नुसता संताप व्हायचा. कोणी मोबाइल दाखवायला आणला की ते त्यातलं एकेक उघडून वाचत बसायचे. एकदा माझ्याच मोबाइलमध्ये बॅटरीसारखा उजेड पाडायचं एक ॲप होतं, आणि ते कामाला लागण्याआधी माझे सगळे नंबर बघायची परवानगी मागत होतं. मी डोळे मिटून 'हो' करणार तेवढ्यात सरांनी मनगट धरलं. "काऊन वं शोभा? बत्तीले तुह्या मामाचा नंबर काऊन पाह्यजे?" क्लास खो खो हसला. मीही हसले. पण 'हो' केलं नाही, ते ॲपच काढून टाकलं.

त्यांची आणखी एक खोड होती. कोणी आपला पासवर्ड टाकायला लागलं की सर उठायचे, पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचायचे. "मंगळवारी चतुर्थी हाय. बुधवारी काई नाई. गुरुवारी बाजार." का, तर आपण चोरून पाहत नाही हे समोरच्याला ऐकू यायला पाहिजे. एखादी आजीबाई एकेक अक्षर शोधत पाच मिनिटं लावायची, आणि सर तोवर पुढच्या महिन्यातल्या एकादशीपर्यंत पोचलेले असायचे. शेवटी विचारायचे, "टाकला का? फिरू का मी?" हो म्हटल्याशिवाय वळायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, मी तुमची विद्यार्थिनी आहे, माझ्यासमोर कशाला हे सोंग?" म्हणाले, "तू आपली हायेस म्हणून तं जास्त."

यामुळेच लोक त्यांच्याकडे अर्ज टाइप करायला यायचे. भावाभावांचे वाटणीचे कागद, सासरच्या छळाची तक्रार, बदलीची विनंती, सगळं. सर टाइप करायचे, कागद द्यायचे आणि मशीनमधलं पुसून टाकायचे, समोरच्याच्या डोळ्यांदेखत. कधी कोणाचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर आल्याचं ऐकिवात नव्हतं. मेहकरसारख्या गावात, जिथं कोणाच्या घरी काय भाजी शिजली ते चौकात कळतं, तिथं ही काही लहान गोष्ट नव्हती. हीच त्यांची कमाई. बाकी माणसाजवळ दोन सदरे आणि एक सायकल.

आणि खोडण्याबद्दल ते जे बोलायचे ते तर मला तोंडपाठ आहे. "टाइपरायटरवर चूक झाली की कागद फाडा लागे. म्हणून माणूस भेऊ भेऊ लिव्हे. हे मशीन आलं अन् माणसाले पह्यल्यांदा खोडाचा हक्क भेटला. राग आला, लिव्हा. वाचा. नाई पटलं, खोडा. कोणाच्या बापाले पत्ता नाई. जे ठेवलं ते जगाचं. जे खोडलं ते तुह्यं अन् तुह्या देवाचं." एवढं बोलून ते खोडायच्या बटणावर टिचकी मारायचे.

पुढे गल्लोगल्ली क्लास झाले, सरांचा बंद पडला. मग आमच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेनं त्यांना शाळेत संगणक शिकवायला घेतलं. कार्यालयात संगणक येणारं कोणी पाहिजे होतं, तर सरांनी मुख्याध्यापकांना माझं नाव सांगितलं. लग्नानंतर मी घरीच होते, नवऱ्याचं काम कधी असायचं कधी नसायचं. माझी नोकरी ही सरांच्या एका शब्दावर लागलेली नोकरी. कंत्राटी का होईना. कायम करण्याचा कागद दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणून संस्थेच्या सचिवसाहेबांच्या टेबलावर पडून राहायचा.

तर एका जूनमध्ये संस्थेनं सगळ्या शिक्षकांना नवे लॅपटॉप दिले. पेढे वाटले, फोटो काढले. लॅपटॉप देण्याआधी बाहेरून कंपनीचा एक माणूस आला होता आणि त्यानं प्रत्येकात काहीतरी बसवलं होतं. माझ्या टेबलावर एक मोठा पडदा आला. त्यावर चौकोनच चौकोन, आणि एकेका चौकोनात एकेका शिक्षकाचा पडदा. कोण काय उघडतो, काय लिहितो, सगळं त्याच क्षणी दिसायचं. मागचंही उघडून बघता यायचं, अक्षरन् अक्षर साठलेलं. त्या लॅपटॉपमध्ये काय बसवलंय ते बघायची परवानगी शिक्षकांना नव्हती. किल्ली, म्हणजे आत शिरायचा पासवर्ड, फक्त माझ्याकडे. सचिवसाहेब म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या-माझ्यात. सांगितलं की शिस्त राहत नाही. आणि हो, तुमच्या कायमच्या कागदाचं मी यंदा बघतोच." मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला त्या खुर्चीत बसून जरा मोठं झाल्यासारखंही वाटलं.

सरांनी पहिल्याच दिवशी आपल्या लॅपटॉपला टिकली लावली. चार दिवसांनी माझ्या टेबलाशी आले. तेव्हा त्यांच्या घरचा जुना संगणक बंद पडलेला होता, भाग कुठं मिळत नव्हता. म्हणाले, "शोभा, याच्या आत शिराले जाग्या नाई. सैपाकघर देल्लं, पण डब्याले हात लावू नका म्हणते. तुह्यापाशी किल्ली हाय. सांग, याच्यातून कोणी पाह्यते का?"

माझा पडदा त्यांच्याकडे पाठमोरा होता. त्यावर त्या क्षणी त्यांचाच चौकोन उघडा होता.

मी म्हटलं, "नाही सर. कोण पाहणार?"

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं. तू म्हणतेस म्हणजे झालं." आयुष्यभर दुसऱ्याच्या भरवशावर मशीन उघडू नका म्हणून कानीकपाळी ओरडणारा माणूस माझ्या दोन शब्दांवर उठून गेला.

आमच्या शाळेत कल्पना मॅडम होत्या, विज्ञान शिकवायच्या. हुशार, फटकळ, मुलं जीव टाकायची. त्यांची सरकारी शाळेत निवड झाली. दहा दिवसांत मूळ प्रमाणपत्रं घेऊन बुलढाण्याला जायचं होतं. आता गंमत बघा, आमच्या संस्थेचा असा रिवाज की रुजू होताना शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रं 'तपासणीसाठी' ठेवून घ्यायची आणि सचिवसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद करायची. परत मागितली की आज-उद्या. म्हणजे कोणी सोडून जायला नको. कल्पना मॅडमनी चार चकरा मारल्या. पाचव्या वेळी त्या साहेबांकडे न जाता सरांकडे गेल्या. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज करायचा ठरला. सरांनी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडला, आणि मी कार्यालयात बसून तो अर्ज अक्षर-अक्षर उमटताना पाहिला.

अर्ज सभ्य होता. विनंती आहे, कृपया, आपली विश्वासू. पण मध्येच एक वाक्य आलं: 'ही संस्था शाळा चालवत नाही, कोंडवाडा चालवते.' मॅडम रागात बोलल्या असतील आणि सरांनी जसंच्या तसं टाइप केलं असेल. वाक्य अर्धा मिनिट तसंच राहिलं. मग एकेक अक्षर मागे मागे जात पुसलं गेलं. मी इथं बसून ओळखलं, सर आता मॅडमना सांगत असणार, हा राग आहे, अर्ज नाही. त्या जागी आलं: 'माझी मूळ कागदपत्रे मला परत मिळावीत.' बस्स. अर्ज संपला.

मला कोणी विचारलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की साहेबांनी विचारलं म्हणून मी बोलले. नाही. साहेब जायला निघाले होते, गाडीची किल्ली हातात होती. मी उठून म्हटलं, "साहेब, एक दाखवायचं होतं." मनात काय होतं? भीती होती. उद्या अर्ज बुलढाण्याला पोचेल, साहेब मागचं उघडून बघतील आणि म्हणतील, हे तुम्हाला दिसलं होतं ना मॅडम? आणि माझा कागद टेबलावर होता. साहेबांनी खुर्ची ओढली. मी अर्ज दाखवला. आणि मग, का कोण जाणे, कामात किती चोख आहे हे दाखवायला असेल, मी मागे जाऊन ते खोडलेलं वाक्यही दाखवलं.

साहेब हसले. "कोंडवाडा काय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते बाहेरगावी गेले, कपाटाची किल्ली घेऊन. दहा दिवस उलटल्यावर आले आणि कल्पना मॅडमच्या हातात प्रमाणपत्रांचं पाकीट ठेवून म्हणाले, "घ्या बाई, तुम्हाला कोणी अडवलंय?" तोवर बुलढाण्याची मुदत गेली होती.

त्या शनिवारी शिक्षकांची बैठक झाली. टिपणं घ्यायला मी कोपऱ्यात बसले होते. साहेब इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "आणि ज्या कोणाला ही शाळा कोंडवाडा वाटते, त्यानं खुशाल दावं तोडून जावं."

कल्पना मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. अर्जात तो शब्द नव्हता. त्यांच्या हिशोबानं तो शब्द जगात फक्त दोघांना माहीत होता, त्यांना आणि सरांना. त्यांनी सावकाश मान वळवून सरांकडे पाहिलं. अन् सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहिलं होतं म्हणून नंतर बघितलं तर नुसत्या रेघोट्या.

संध्याकाळी सर कार्यालयात आले. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. टिकली जागच्या जागी. "हे जमा कर," म्हणाले. मग आवाज न चढवता म्हणाले, "ते वाक्य मी खोडलं होतं, शोभा."

मी वर पाहिलं नाही.

"पोच देतेस ना?" त्यांनी विचारलं. मी पोच लिहून दिली. त्यांनी ती नीट घडी करून टिकल्यांच्या पाकिटामागे ठेवली आणि गेले.

आता तुम्ही म्हणाल, सरांनी कल्पना मॅडमना खरं का सांगितलं नाही? मीही रोज तेवढ्याचीच वाट पाहत होते. ते सांगतील, मॅडम आरडाओरडा करतील, साहेब सगळं माझ्यावर ढकलतील, माझी नोकरी जाईल. काही झालं नाही. मॅडमनी सगळीकडे सांगितलं की टिकलीवाल्या सरांनी साहेबांना जाऊन चुगली केली. गावानं विश्वास ठेवला, कारण दुसरा पटण्यासारखा खुलासाच नव्हता. कोण म्हणालं म्हातारपणी नोकरी टिकवायची होती, कोण म्हणालं साहेबांनी काही दिलं असेल. सरांकडे अर्ज घेऊन येणारी माणसं थांबली. एकही येईना. सर व्हरांड्यात एकटे बसलेले दिसायचे. त्याच महिन्यात माझा कायमचा कागद निघाला. घरी शिरा केला होता. मला तो गिळवला नाही, पण मी खाल्ला.

वर्ष संपताच सरांनी मेहकर सोडलं, मुलाकडे सोनाळ्याला जायला निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेले. शरम नव्हती का? होती, म्हणून तर गेले. त्यांची कापडी पिशवी मी हातात घेतली होती. तेवढ्यात कल्पना मॅडम नांदुऱ्याकडे जायला म्हणून तिथं आल्या. त्यांनीही शाळा सोडली होती, माहेरी नांदुऱ्याला शिकवण्या घ्यायच्या होत्या. सरच पुढे झाले. "कल्पना, बरी हायेस ना पोरी?" मॅडमनी तोंड फिरवलं. मग चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवला, ही माझीच चूक झाली सर." आणि बसमध्ये चढल्या.

सर तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "बरोबर हाय तिचं. तिच्या जाग्यावर मी असतो तं मीबी हेच बोललो असतो." त्यांची गाडी लागली. मी पिशवी वर दिली.

मला दोन वर्षं लागली सोनाळ्याला जायला. लेकीचा लॅपटॉप बिघडला होता, तो काखोटीला मारला. खोटं निमित्त नको म्हणून खरं बिघडण्याची वाट पाहत होते जणू. खामगावला गाडी बदलून पोचले तेव्हा सर अंगणात कोणा संत्रेवाल्याच्या मोबाइलमधलं पाणी फडक्यानं टिपत बसले होते. थकले होते, पण खिशात पाकीट होतं. सुनेला हाक मारली, "चहा टाक वं, मेहकरची शोभा आली." असा आनंद चेहऱ्यावर, की मला परत फिरावंसं वाटलं.

लॅपटॉपला आधी टिकली लागली. "झोपलं लेकरू. टाक पासवर्ड." आणि सर गुडघ्यांवर हात देऊन उठले, ओसरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेले, पाठ केली आणि वाचायला लागले, "रविवारी अमावस्या. सोमवारी काई नाई. मंगळवारी..."

माझ्यासाठी. माझ्यासाठी तो माणूस पाठ करून उभा होता! मी ज्या डोळ्यांनी त्यांचं एकेक अक्षर पाहिलं होतं, त्याच डोळ्यांसमोर. माझी बोटं चालेनात. मी त्या पाठीला म्हटलं, "सर, ते वाक्य मी दाखवलं साहेबांना. त्यांनी मागितलं नव्हतं. मीच दाखवलं."

"मंगळवारी बी काई नाई," सर म्हणाले. मग कॅलेंडर वाचायचं सोडून, "माहीत हाय मले. मीटिंगमधीच समजलं."

"मग मॅडमना का सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुह्यी नोकरी जाती. घरी लेकरू होतं तुह्यं. माह्यं काय, नुसतं नाव गेलं." पाठ तशीच ठेवून ते पुढे म्हणाले, "पण एक कर. मले नको सांगू, जिले माहीत नाई तिले सांग. नांदुऱ्याले जाय. ती पोरगी अजूनबी समजते का मी तिले इकलं. तेवढं लागते जिवाले, बाकी काई नाई."

"जाते सर. या रविवारीच जाते."

"जाय. अन् टाकला का पासवर्ड? फिरू का मी?"

त्या रविवारी लग्न होतं. पुढच्या रविवारी पाहुणे. मग परीक्षा. मग नुसतीच भीती. तीन महिन्यांनी सरांचा फोन आला. "गेलती का वं नांदुऱ्याले?"

आणि मी, ऐका, मी म्हटलं, "हो सर. सांगितलं."

"काय म्हणे?"

"काही नाही सर. रडल्या. तुम्हाला फोन करते म्हणाल्या."

"बरं झालं," सर म्हणाले. "लय बरं झालं पोरी." पुन्हा माझ्या दोन शब्दांवर विश्वास. माझी खात्री करून घ्यावी असं त्या माणसाला दुसऱ्यांदाही वाटलं नाही.

सर गेल्या फाल्गुनात गेले. तेरवीला मी गेले होते. सून भांडी आवरत सांगत होती, "बाबा शेवटी शेवटी मोबाइल उशाशीच ठेवत. नांदुऱ्याहून फोन येणार हाय म्हणत. कोण हाय वो नांदुऱ्याले? आम्हाले तं कोणी नातेवाईक माहीत नाई." मग तिनं सरांच्या सदऱ्याच्या खिशातून टिकल्यांचं पाकीट काढून दाखवलं. त्याच्यामागे एक जुना कागद चिकटला होता. "अन् हे पाहा, टिकल्या! म्हाताऱ्याच्या खिशात टिकल्या कायच्या?" कागद मी ओळखला. माझ्याच अक्षरातली पोच. 

दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेले आणि शिक्षकांच्या खोलीत उभी राहून सांगितलं, "तुम्ही त्या लॅपटॉपवर जे लिहिता, ते मला दिसतं. जे खोडता, तेही दिसतं." साहेबांनी त्यावरून माझी जी अब्रू काढायची ती काढली. आजही नवीन कोणी रुजू झालं की लॅपटॉप देताना मी आधी हे सांगते आणि वर एक टिकली लावून देते. त्यानं फार काही झाकलं जात नाही, मला माहीत आहे. चौकोन अजून माझ्या टेबलावर आहेतच.

मग मी नांदुऱ्याला गेले. दुपारची वेळ, कल्पना मॅडमची शिकवणी नुकतीच सुटली होती. फळ्यावर अर्धवट पुसलेली आकृती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पडदा, वाक्य, साहेब, सोनाळा, फोनवरचं खोटं, उशाशी ठेवलेला मोबाइल. मध्ये पाणीही मागितलं नाही. मॅडम डस्टर हातात धरून ऐकत होत्या. ओरडतील असं वाटलं होतं, त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मेहकरात लोक त्यांना अजून काय म्हणतात, माहीत आहे ना? मला एकटीला सांगून काय होतं?"

म्हणून हे लिहिलं. लिहिताना किती वाक्यं खोडली ते विचारू नका, पण जी माझ्या विरोधात जातात त्यातलं एकही खोडलेलं नाही.

मी निघाले तेव्हा मॅडमनी दारातून हाक मारली. "शोभाताई, त्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर मी सरांना बोलले, तेव्हा त्यांच्या शेजारी कोणी बाई उभी होती. पिशवी धरून. रागात मी तिकडे नीट पाहिलंच नाही. त्या तुम्ही होतात?"

"हो," मी म्हटलं. "शेजारीच होते."